पोच येईपर्यंत थांबायचे किती?

ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील बर्कली येथे एक चमत्कारिक प्रकार घडला. तेथील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यातील अंतर अवघे ४०० यार्ड, म्हणजे सुमारे ३६५ मीटर. दोन्हीकडचे संगणक इंटरनेटने जोडलेले होते आणि त्यांच्यामधून सेकंदाला ३२,००० बिट माहिती जात असे. त्या महिन्यात हा वेग सेकंदाला ४० बिटांवर आला. एक अक्षर ८ बिटांचे धरले, तर २,००० अक्षरांचे पान पूर्वी अर्ध्या सेकंदात पोचत असे. आता त्याला ४०० सेकंद, म्हणजे पावणेसात मिनिटे लागू लागली. तेवढ्या वेळात एखादा माणूस कागद हातात घेऊन रमतगमत चालत गेला असता, तरी आधी पोचला असता.

कोठे तार तुटलेली नव्हती, कोणताही संगणक बंद पडलेला नव्हता. सगळी यंत्रे अगदी व्यग्र होती, आणि तरीही काम जवळजवळ शून्य होत होते. प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन आणि विद्यापीठात बर्कली युनिक्सचे काम पाहणारे मायकेल कॅरल्स यांनी या प्रकाराचा माग काढला. जेकबसन यांच्यापुढे प्रश्न दोन होते : बर्कली युनिक्समधला नेटवर्कचा भाग चुकीचे वागत आहे काय, आणि इतक्या वाईट परिस्थितीतही तो अधिक चांगला चालावा म्हणून काही करता येईल काय? दोन्हींचे उत्तर ‘होय’ असे निघाले. दोष एकच नव्हता. परंतु त्यांतला एक दोष वेळ मोजण्याचा होता आणि तो समजायला शाळेत शिकवतो तेवढे गणित पुरते. या लेखात मुख्यतः त्याचाच विचार करू.

प्रथम हा दोष कोठे राहतो ते पाहू. प्रत्येक संगणकावर ऑपरेटिंग सिस्टिम असते आणि तिच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. पत्रे लिहिण्याचा किंवा चित्रे काढण्याचा प्रोग्रॅम बिघडला, तर तेवढाच बिघडतो. कर्नेल मात्र स्मृती, डिस्क, घड्याळ आणि नेटवर्क या सर्वांचा कारभार सर्व प्रोग्रॅमांच्या वतीने पाहतो. त्याची चूक सर्वांनाच भोवते. १९८३ च्या ४.२ बीएसडी या आवृत्तीपासून बर्कली युनिक्सच्या कर्नेलमध्येच टीसीपी हा इंटरनेटचा संकेत बसवलेला होता. देवघेव कशी करायची याचे दोन्ही बाजूंनी पाळायचे नियम, म्हणजे संकेत.

टीसीपीचा मुख्य नियम साधा आहे. पाठवायच्या माहितीचे तुकडे करायचे. या तुकड्याला इंग्रजीत पॅकेट म्हणतात, आपण पाकीट म्हणू. प्रत्येक पाकिटावर क्रमांक घालायचा. ते मिळाले की पलीकडच्या संगणकाने पोच पाठवायची. पोच ठरावीक वेळात आली नाही, तर पाकीट वाटेत गहाळ झाले असे समजून तेच पुन्हा पाठवायचे. वाटेतल्या तारा आणि यंत्रे यांनी पाकीट पोचवण्याची कसलीही हमी दिलेली नसते. हमी निर्माण होते ती या पोच घेण्याच्या पद्धतीतून.

आता ‘ठरावीक वेळ’ म्हणजे किती? पालकांना सहीसाठी चिठ्ठी पाठवली आणि ती परत आली नाही, तर दुसरी चिठ्ठी कधी द्यायची, हा प्रश्न वर्गशिक्षकांच्या परिचयाचा आहे. फार थांबलो तर काम खोळंबते. घाई केली तर एकाच गोष्टीच्या दोन चिठ्ठ्या घरी जातात. चिठ्ठीच्या बाबतीत घाईने फारसे बिघडत नाही. नेटवर्कवर बिघडते, कारण पुन्हा पाठवलेले पाकीट त्याच गर्दीच्या रस्त्यावर उतरते.

सप्टेंबर १९८१ मध्ये टीसीपीचे जे अधिकृत वर्णन प्रसिद्ध झाले, त्यात यासाठी एक उदाहरणादाखल कृती दिलेली होती. पाकीट गेल्यापासून पोच येईपर्यंतचा काळ, म्हणजे फेरीचा काळ, मोजत राहायचा. त्याची चालती सरासरी ठेवायची. त्या सरासरीची साधारण १.३ ते २ पट एवढा वेळ थांबायचे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी दुप्पट घेत. वाचताना यात काहीच खटकत नाही. सरासरी दहा मिनिटे लागत असतील, तर वीस मिनिटे वाट पाहणे हे कोणालाही शहाणपणाचेच वाटेल.

तरीही हे चुकते. का, ते समजण्यासाठी रांगेकडे पाहिले पाहिजे. आम्ही हा लेख नाशिकच्या इंदिरानगरातून लिहीत आहोत. येथील मुंबई-आग्रा महामार्गाखालच्या बोगद्याच्या तोंडाशी होणारी कोंडी वर्षानुवर्षे नाशिककरांच्या बोलण्यात आहे. समजा, भल्या पहाटे तो पार करायला दोन मिनिटे लागतात. पहाटे रोजच दोन मिनिटे लागतील, फार तर अडीच. संध्याकाळी मात्र नुसती सरासरी वाढत नाही. एखाद्या दिवशी तीन मिनिटांत सुटका होते, तर दुसऱ्या दिवशी पंचवीस मिनिटे मोडतात. गर्दी वाढली की सरासरी वाढते आणि त्याबरोबर बेभरवशाचेपणाही वाढतो. रोज ये-जा करणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. तो घरून निघताना सरासरीचा विचार करत नाही, ‘आज किती लागू शकतील’ याचा करतो.

रांगांच्या गणितात याला नेमके रूप आहे. सर्वांत साध्या प्रकारच्या रांगेत, रस्त्याच्या क्षमतेचा जितका अंश वापरला जात असेल तो १ मधून वजा करून उरलेल्याने १ ला भागले, की रिकाम्या रस्त्याच्या मानाने किती पट वेळ लागेल ते मिळते. निम्मी क्षमता वापरात असेल तर दुप्पट, पाऊण असेल तर चौपट, नव्वद टक्के असेल तर दहापट. आणि अशा रांगेत प्रमाण विचलन सरासरीएवढेच असते, म्हणजे तेही त्याच वेगाने फुगते. सरासरीच्या दुप्पट काळ थांबण्याचा नियम नेटवर्कची सुमारे ३० टक्के क्षमता वापरात असेपर्यंतच टिकतो, असे जेकबसन यांनी दाखवले. नेटवर्क ७५ टक्के भरलेले असताना फेरीचा काळ सोळापटींच्या फरकाने कमीजास्त होणे अपेक्षित असते. सोळापटींच्या फरकाला दुप्पटीची सवलत कशी पुरणार?

आकडेच घेऊन पाहू. फेरीच्या काळाची सहा वाचने आहेत, मिलिसेकंदांत. पहिल्या रस्त्यावर १००, ११०, ९०, १००, १००, १००. दुसऱ्यावर ४०, ६०, ५०, २४०, ७०, १४०. दोन्हींची सरासरी १००. जुना नियम दोन्ही रस्त्यांवर २०० मिलिसेकंद थांबा असे सांगतो. पहिल्या रस्त्यावर हे फारच झाले, कारण ११० च्या पुढे पोच येतच नाही, आणि पाकीट खरोखर हरवले तर उरलेला वेळ फुकट जातो. दुसऱ्यावर २४० मिलिसेकंदांनी येणारी पोच वाटेत असतानाच आपण पाकीट हरवले असे ठरवून त्याची दुसरी प्रत पाठवून मोकळे होतो.

या अनावश्यक प्रतीने रांग आणखी लांबते. रांग लांबल्यामुळे इतरांच्या पोचा उशिरा येतात. मग तेही आपापली पाकिटे पुन्हा पाठवतात. मधल्या यंत्रात रांगेला जागा मर्यादित असते. ती भरली की नवी पाकिटे टाकून दिली जातात, मग ती खरोखरच हरवतात आणि पुन्हा पाठवावी लागतात. सगळी तार अशा प्रतींनी भरून वाहते आणि नवीन माहिती पुढे सरकत नाही. जॉन नेगल यांनी जानेवारी १९८४ मध्येच एका टिपणात या संकटाचा इशारा देऊन त्याला कोंडीने कोसळणे या अर्थाचे नावही दिले होते. पुढे बर्कलीत ते प्रत्यक्ष दिसले.

याचा शोध लावणे अवघड का होते, हे सांगण्याजोगे आहे. पाकिटे हरवणे आणि पुन्हा पाठवणे ही कटकट प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला दिसू नये, म्हणून तर ती कर्नेलमध्ये ठेवलेली होती. त्यामुळे वरून पाहणाऱ्याला एवढेच दिसते की काम मंद चालले आहे. मंदपणाचे कारण तार आहे, पलीकडचा संगणक आहे की आपलाच कर्नेल, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी तारेच्या काठावर उभे राहून येणाजाणाऱ्या प्रत्येक पाकिटाचा क्रमांक आणि वेळ टिपावी लागते. या प्रयोगशाळेतच जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टीसीपीडंप हे टिपण्याचे साधन तयार केले. ते आजही जगभर वापरले जाते.

टिपलेल्या नोंदींचा आलेख काढण्याची जेकबसन यांची रीत आठवी-नववीच्या मुलांनाही समजेल. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर पाकिटाचा क्रमांक, आणि प्रत्येक पाकिटासाठी एक ठिपका. सर्व सुरळीत असेल तर ठिपके एका चढत्या सरळ रेषेत पडतात आणि रेषेचा चढ म्हणजे वेग. एखादे पाकीट पुन्हा पाठवले गेले, तर त्याच उंचीवर उजवीकडे दुसरा ठिपका उमटतो. जेकबसन यांच्या १९८८ च्या प्रसिद्ध निबंधात असा एक आलेख आहे. त्यात सरळ रेषेऐवजी करवतीचे दाते दिसतात. जवळजवळ प्रत्येक पाकीट किमान दोनदा गेलेले आहे, ५४ ते ५८ किलोबाइटांमधला मजकूर तर पाच वेळा. उपलब्ध क्षमतेपैकी ३५ टक्केच कामी आली, बाकी पुन्हा पाठवण्यात वाया गेली. तार निर्दोष असल्याचा आणि दोष पाठवणाऱ्याकडे असल्याचा याहून स्पष्ट पुरावा आम्हाला तरी सुचत नाही.

येथे चौकस विद्यार्थी विचारील, की फेरीचा काळ वाढला तर चालती सरासरीही वाढेल आणि चूक आपोआप सुधारेल, नाही का? सुधारली असती, परंतु मोजण्यातच एक खोच होती. समजा, खरा फेरीचा काळ ३ सेकंद झाला आहे आणि आपण २ सेकंदच थांबतो. पाकीट शून्य सेकंदाला गेले, दुसऱ्या सेकंदाला त्याची प्रत गेली, तिसऱ्या सेकंदाला पोच आली. ही पोच कोणत्या प्रतीची? पोचेवर ते लिहिलेले नसते. दुसऱ्या प्रतीची मानली तर फेरीचा काळ १ सेकंद निघतो, म्हणजे काळ वाढलेला असताना कर्नेल समजतो की तो घटला, आणि आणखी घाई करतो. पहिल्या प्रतीची मानली आणि पहिली प्रत खरोखर हरवलेली असली, तर काळ अवाच्या सवा मोठा निघतो. अशी संशयास्पद वाचने सोडून द्यावीत, तर गर्दीच्या वेळी प्रत्येकच पाकीट दोनदा जाते, मग नवे वाचन मिळणार कोठून?

हा गुंता फिल कार्न यांना हौशी रेडिओवरून संगणक जोडताना आढळला. रेडिओवर पाकिटे हरवणे नित्याचेच. क्रेग पार्ट्रिज यांच्यासह त्यांनी १९८७ मध्ये उपाय प्रसिद्ध केला. दोनदा पाठवलेल्या पाकिटाच्या पोचेवरून काळ मोजायचा नाही. मात्र पुन्हा पाठवताना थांबण्याचा काळ दुप्पट करायचा, आणि एखाद्या पाकिटाची पोच एकाच प्रयत्नात येईपर्यंत तो वाढवलेला काळ कमी करायचा नाही. वरच्या उदाहरणात २ चे ४ सेकंद होतात, पुढचे पाकीट ३ सेकंदांत निःसंशय पोच मिळवते, आणि खरे वाचन हाती लागते.

राहिला मूळ प्रश्न. जेकबसन यांचे उत्तर असे की, सरासरीच्या पटीत न थांबता सरासरी अधिक विचलनाची काही पट एवढे थांबावे. सुरुवातीला त्यांनी विचलनाची दुप्पट घेतली, पुढे अनुभवाने चौपट घेतली जाऊ लागली. आपल्या दोन रस्त्यांचे सरासरी विचलन काढा. पहिल्यात सरासरीपासूनचे फरक ०, १०, १०, ०, ०, ०, म्हणून विचलन सुमारे ३.३. दुसऱ्यात फरक ६०, ४०, ५०, १४०, ३०, ४०, म्हणून विचलन ६०. थांबण्याचा काळ पहिल्या रस्त्यावर सुमारे ११३ आणि दुसऱ्यावर ३४० मिलिसेकंद येतो. एकाच सूत्राने एकीकडचा रिकामा वेळ वाचला आणि दुसरीकडची उगाच पाठवायची प्रत वाचली. आपल्या शाळांतून सरासरीचा एवढा सराव करून घेतला जातो आणि विचलनाशी ओळख उशिरा, तीही सूत्रापुरती होते, याचे आम्हाला नेहमीच वाईट वाटत आले आहे.

येथे प्रमाण विचलन न घेता सरासरी विचलन का घेतले? प्रमाण विचलनासाठी वर्ग करावे लागतात, नंतर वर्गमूळ काढावे लागते. प्रत्येक पोचेगणिक हे करणे कर्नेलला परवडत नव्हते. म्हणून कृती अशी ठरली. नवे वाचन आणि जुनी सरासरी यांतला फरक काढा आणि त्याचा आठवा भाग सरासरीत मिळवा. त्या फरकाच्या आकारातून जुने विचलन वजा करा आणि उरलेल्याचा चौथा भाग विचलनात मिळवा. समजा सरासरी १०० आणि विचलन २० आहे. आपण १०० अधिक ८०, म्हणजे १८० मिलिसेकंद थांबत आहोत. वाचन आले १८०. फरक ८०, त्याचा आठवा भाग १०, म्हणून नवी सरासरी ११०. ८० वजा २० म्हणजे ६०, त्याचा चौथा भाग १५, म्हणून नवे विचलन ३५. आता आपण ११० अधिक १४०, म्हणजे २५० मिलिसेकंद थांबू. उशिरा आलेल्या एकाच पोचेने कर्नेल सावध झाला.

आठ आणि चार हे आकडे उगीच निवडलेले नाहीत. द्विमान पद्धतीत ८० म्हणजे १०१००००. शेवटचे तीन अंक गाळले की १०१० उरतात, म्हणजे १०. आठाने भागणे म्हणजे तीन घरे सरकवणे, चाराने भागणे म्हणजे दोन घरे. अपूर्णांक वाया जाऊ नये म्हणून सरासरी आठपट करूनच साठवायची, अशीही युक्ती आहे. बर्कली युनिक्समध्ये तेव्हा टीसीपीचे टायमर अर्ध्या सेकंदाच्या ठोक्यांनी चालत. इतक्या जाड मापाने मोजताना ही काटकसर महत्त्वाची होती.

याखेरीज, सुरुवातीलाच पाकिटांचा लोंढा न सोडता पोच येईल तसतशी संख्या वाढवत नेण्याचा नियमही त्याच वेळी आला, आणि कोंडी फुटण्यात त्याचा वाटा मोठा आहे. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. या सुधारणा १९८८ मध्ये बर्कली युनिक्समध्ये आल्या आणि १९८९ मध्ये इंटरनेटवरच्या सर्व संगणकांसाठी आवश्यक ठरवल्या गेल्या.

त्याच १९८९ मध्ये मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातून अर्नेट हे आपले शैक्षणिक नेटवर्क अमेरिकेशी जोडले गेले. केंद्राचे प्रमुख डॉ. श्रीनिवासन रमणी होते. पुढे ही संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाली. त्या तारेचा वेग सेकंदाला ९,६०० बिट होता. ५७६ बाइटांचे एक पाकीट अशा तारेवर चढायलाच ४,६०८ भागिले ९,६००, म्हणजे ०.४८ सेकंद लागतात. आपल्यापुढे रांगेत कोणी नसेल तर ठीक, दहा पाकिटे असतील तर जवळजवळ पाच सेकंदांची भर. सबंध देशातल्या संस्थांची पत्रे अशा तारांवरून जायची असताना सरासरीच्या दुप्पटीचा नियम किती घातक ठरला असता, याचा अंदाज या भागाकारावरून येतो. जिथे तार रुंद आहे, तिथे सदोष टायमर खपून जातो. अरुंद तारेवर तो खपत नाही.

याच्या उलट उपग्रहाचे उदाहरण. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. पाकीट वर जाऊन खाली येते, पोचही तशीच परत येते, म्हणजे एकूण चार खेपा, सुमारे १,४३,००० किलोमीटर. प्रकाशाच्या वेगाने यालाही ०.४८ सेकंदच लागतात. योगायोग असा, की वरच्या तारेवर रांगेत पुढे असलेले एक पाकीट आणि उपग्रहापर्यंतची एक पूर्ण फेरी, दोन्हींचा विलंब सारखाच. परंतु उपग्रहाचा विलंब ठाम असतो, रोज तेवढाच. विचलनाचा विचार करणाऱ्या कर्नेलला त्याचा मुळीच त्रास होत नाही. त्रास होतो तो रांगेच्या लहरीचा.

आजही हेच सूत्र चालू आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अधिकृत वर्णनात सरासरी अधिक विचलनाची चौपट असेच लिहिलेले आहे. किमान एक सेकंद तरी थांबा, असेही त्यात सुचवले आहे. लिनक्सच्या कर्नेलने मात्र ही किमान मर्यादा २०० मिलिसेकंद ठेवली आहे.

शाळेतील संगणकावर हे करून पाहता येईल. पिंग या आज्ञेने दुसऱ्या संगणकाकडे पाकीट पाठवून फेरीचा काळ मोजता येतो. आम्ही इंदिरानगरातून करतो तसे आपल्या गावातून करावे : शाळा सुरू होण्यापूर्वी वीस वाचने आणि संध्याकाळी गर्दीच्या वेळी वीस. पहिले वाचन सोडून द्यावे. शेजारच्या यंत्राचा पत्ता शोधण्यात वेळ गेल्यामुळे ते पुष्कळदा फुगलेले असते. मग मुलांनी सरासरी आणि सरासरी विचलन काढून, किती वाचने सरासरीच्या दुप्पटीपलीकडे गेली आणि किती नव्या मर्यादेपलीकडे, ते मोजावे. विंडोजवरील पिंग शेवटी फक्त किमान, कमाल आणि सरासरी सांगते, विचलन सांगतच नाही. लिनक्सवरील पिंग विचलनही देते, पण मुलांच्या उत्तराशी ते जुळणार नाही. त्या आकड्याला नाव सरासरी विचलनाचे दिलेले असले, तरी आत गणित प्रमाण विचलनाचे केलेले आहे. आपल्या दुसऱ्या रस्त्याची सहा वाचने घेतली, तर मुलांचे उत्तर ६० येईल आणि त्या रीतीने सुमारे ७०.५.